वर्ग अपुरा पडतो, तेथे स्वाध्याय

(स्पर्धा परीक्षा देणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्या एकत्रित सभेतील भाषण)



पदवीचे निकाल लागले की दरवर्षी तालुक्या-तालुक्यांतून तरुणांचा एक ओघ पुण्याकडे वाहू लागतो. सदाशिव पेठेत किंवा नारायण पेठेत एका खोलीत चौघांची सोय होते. मार्गदर्शन वर्गाच्या शुल्काचा पहिला हप्ता वडिलांनी भरलेला असतो, त्यासाठी कोठे सोयाबीनचे पैसे वापरलेले असतात, कोठे आईच्या पाटल्या गहाण पडलेल्या असतात. मुलाच्या मनात नागरी सेवा असते आणि घरच्यांच्या मनात लाल दिव्याची गाडी असते. वस्तुतः तो लाल दिवा १ मे २०१७ पासून अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरून उतरला आहे. घरच्यांच्या मनातून मात्र अजून उतरलेला नाही.

सहा-आठ महिने लोटतात आणि त्या मुलाच्या ध्यानात येऊ लागते की, वर्गात जे मिळते ते पुरेसे नाही. राज्यघटना दोन महिने चालली, पण नीतिशास्त्राची पत्रिका आठवडाभरात उरकली. निबंधाला एकच तास मिळाला. मराठीतून दिलेल्या टिपणांत इंग्रजी टिपणांचे ओबडधोबड भाषांतर आढळते. लिहून दिलेले उत्तर तीन आठवड्यांनी परत येते, तेव्हा त्यावर ‘प्रयत्न चांगला’ एवढाच शेरा असतो. ही गोष्ट घरी सांगावी, तर भरलेल्या पैशांचे काय, हा प्रश्न उभा राहतो. म्हणून मुलगा गप्प बसतो आणि दुसऱ्या वर्गाची जाहिरात वाचू लागतो. आजच्या विषयाचे मूळ या गप्प बसण्यात आहे.

परीक्षा काय मागते?

संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेचे स्वरूप प्रथम नीट समजून घेतले पाहिजे. पूर्वपरीक्षेत दोन पत्रिका असतात. सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पत्रिकेत १०० प्रश्न आणि २०० गुण. चुकलेल्या प्रत्येक उत्तरामागे त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण वजा होतात. दुसरी पत्रिका, जिला विद्यार्थी ‘सीसॅट’ म्हणतात, तीत ३३ टक्के गुण मिळविले म्हणजे पुरते. मुख्य परीक्षेत नऊ पत्रिका आहेत. त्यांपैकी भाषांच्या दोन केवळ उत्तीर्ण होण्यापुरत्या. उरलेल्या सातांचे गुण १७५०, मुलाखतीचे २७५ आणि एकूण २०२५.

२०२४ च्या परीक्षेसाठी ९,९२,५९९ जणांनी अर्ज केले. पूर्वपरीक्षेस प्रत्यक्ष बसले ५,८३,२१३. मुख्य परीक्षेस पात्र ठरले १४,६२७, मुलाखतीस २,८४५ आणि अखेर शिफारस झाली १,००९ जणांची. याचा अर्थ, पूर्वपरीक्षेस बसलेल्या सुमारे ५७८ जणांमागे एक निवडला गेला. हे आकडे भीती घालण्यासाठी सांगावयाचे नाहीत. परंतु ज्या वर्गात तीनशे विद्यार्थी एकच टिपण पाठ करतात, तेथील तीनशे उत्तरपत्रिका एकसारख्या होतात, आणि परीक्षक तर त्यांतून वेगळे उत्तर शोधीत असतो. ही साधी गोष्ट या आकड्यांतून कळावी.

एक उदाहरण पाहू. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायत राज्याला घटनात्मक स्थान मिळाले, २४ एप्रिल १९९३ पासून ती अमलात आली, तिने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. एवढे वर्गात शिकविले जाते आणि ते योग्यही आहे. पण मुख्य परीक्षेतील प्रश्न साधारणपणे याच्या पुढचा असतो. अधिकार कागदावर आले, तरी ग्रामपंचायती निधीसाठी वरच्याच तोंडाकडे का पाहतात? स्त्रियांसाठी जागा राखल्या गेल्या, तरी काही ठिकाणी कारभार पतीच्याच हाती का राहतो? येथे माहिती असून भागत नाही, तिचा तोल सांभाळून मत द्यावे लागते. वर्ग माहिती देऊ शकतो. मत बनविण्याचे काम ज्याचे त्यालाच करावे लागते. म्हणून वर्ग उत्तम असला तरीही काही भाग उरतोच, आणि तो भाग भरून काढण्याच्या कामाला आपल्या परंपरेत ‘स्वाध्याय’ हा नेमका शब्द आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत गुरुगृह सोडून निघालेल्या शिष्याला आचार्य जो उपदेश करतात, त्यात स्वाध्यायात हयगय न करण्याचे सांगणे आहे. शिक्षण पुरे झाल्यावर केलेला हा उपदेश आहे, हे विशेष.

ही परीक्षा दारात कशी आली?

आज जिल्ह्याच्या ठिकाणाहून सहज अर्ज भरता येतो, म्हणून या संधीचे मोल कधी कधी कळेनासे होते. १८५५ पासून सनदी सेवेची स्पर्धा परीक्षा लंडनमध्ये होऊ लागली. समुद्र ओलांडून, परक्या भाषेत, परक्या अभ्यासक्रमावर ती देणे कोणत्या भारतीयाला परवडणार होते? १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर हे ती उत्तीर्ण होणारे पहिले भारतीय ठरले. त्यांची नोकरी पुढे मुंबई इलाख्यात झाली. ही परीक्षा भारतातही एकाच वेळी घ्यावी, ही मागणी १८८५ मध्ये मुंबईला भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनात झाली. दादाभाई नवरोजी पार्लमेंटचे सभासद असताना १८९३ मध्ये ब्रिटिश लोकसभेने तसा ठरावही केला. पण तो कागदावरच राहिला आणि अलाहाबादेत परीक्षा होऊ लागली ती १९२२ पासून.

पुढचा टप्पा भाषेचा. स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ या परीक्षेवर इंग्रजीचे वर्चस्व होते. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या समितीच्या शिफारशींनुसार १९७९ पासून पूर्वपरीक्षेची पद्धत आली आणि भारतीय भाषांतून उत्तरे लिहिण्याचे दार उघडले. मार्च २०१३ मध्ये काढलेल्या अधिसूचनेने हे दार पुन्हा अर्धवट लोटले जाईल, अशी चिन्हे दिसली, तेव्हा संसदेत आवाज उठला आणि त्या अटी मागे घेतल्या गेल्या. मराठीतून मुख्य परीक्षा लिहिण्याचा हक्क कोणी सहज दिलेला नाही. तो वापरावयाचा तर त्याला साजेशी तयारीही हवी.

मराठी माध्यमाची अडचण आणि तिच्यावरचा उपाय

मराठीतून लिहिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे एक अडचण अशी आहे की, जिचा विचार बहुतेक वर्ग करीत नाहीत. सामान्य अध्ययनाची प्रश्नपत्रिका छापली जाते ती इंग्रजी आणि हिंदीत. म्हणजे प्रश्न एका भाषेत वाचावयाचा, विचार करावयाचा आणि उत्तर मराठीत उतरवावयाचे. ‘फेडरलिझम’, ‘अकाउंटॅबिलिटी’, ‘फिस्कल डेफिसिट’ हे शब्द समोर आले की संघराज्यवाद, उत्तरदायित्व, राजकोषीय तूट हे शब्द क्षणार्धात लेखणीत उतरले पाहिजेत. जो शब्दापाशी अडखळतो, तो वेळ गमावतो.

यासाठी पहिल्या दिवसापासून एक दुभाषी शब्दवही ठेवावी. डावीकडे इंग्रजी संज्ञा, उजवीकडे मराठी प्रतिशब्द आणि खाली त्या शब्दाचा स्वतः रचलेल्या वाक्यात उपयोग. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने अर्थशास्त्र, राज्यशास्त्र अशा अनेक विषयांचे परिभाषा कोश आणि शासन व्यवहार कोश सिद्ध केले आहेत. ते संगणकावर पाहता येतात आणि त्यांना शुल्क पडत नाही. मराठी विश्वकोशाचेही तसेच. कारभाराची परिभाषा आपल्या भाषेत घडविणे ही काही आजची गोष्ट नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला तो याच गरजेपोटी. रोज दहा शब्द या हिशेबाने वर्षभरात साडेतीन हजारांहून अधिक शब्द हाताशी येतात. सामान्य अध्ययनाच्या उत्तरांना एवढी शिदोरी चांगलीच पुरते.

स्वाध्यायाची रीत

आता प्रत्यक्ष अभ्यासाकडे वळू. आयोगाने दिलेला अभ्यासक्रम शब्दशः लिहून काढावा आणि भिंतीवर लावावा. प्रत्येक घटकापुढे तीन खुणांपैकी एक करावी: वर्गात नीट झाले, वर्गात वरवर झाले, झालेच नाही. या एका कागदाने ‘वर्ग अपुरा आहे’ ही मोघम तक्रार नाहीशी होते आणि नेमके काय अपुरे आहे, त्याची यादी हाती येते. पुष्कळदा असे आढळते की, पंचवीस-तीस घटकच खरोखर सुटलेले असतात. तेवढ्यासाठी दुसऱ्या वर्गाचे शुल्क भरण्याचे कारण नाही.

त्यानंतर मागील दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका घ्याव्या. त्या आयोगाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. प्रश्न सोडविण्याआधी ते घटकवार लावावेत. कोणत्या घटकावर वारंवार विचारले जाते, प्रश्न ‘वर्णन करा’ असा असतो की ‘परीक्षण करा’ असा असतो, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या विद्यार्थ्याला पुस्तकातले काय वाचावे आणि काय वगळावे, हे कोणी सांगावे लागत नाही.

पुस्तके थोडी ठेवावीत. ‘एनसीईआरटी’ची शालेय पुस्तके पायासाठी पुरेशी आहेत, मात्र ती मराठीत नाहीत, म्हणून मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने त्यांच्या जोडीला ‘बालभारती’ची पुस्तके वाचावीत. राज्यघटनेसाठी एक प्रमाण ग्रंथ आणि मूळ घटनेची मराठी प्रत. अर्थव्यवस्थेसाठी केंद्राचे आर्थिक सर्वेक्षण आणि महाराष्ट्राची आर्थिक पाहणी. प्रशासन व नीतिशास्त्र यांसाठी दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाचे अहवाल. २००५ ते २००९ या काळात त्या आयोगाने १५ अहवाल दिले, त्यांतील चौथा शासनातील नीतिमत्तेवर आहे. एका विषयाची चार पुस्तके एकदा वाचण्यापेक्षा एक पुस्तक चारदा वाचलेले अधिक उपयोगी पडते.

परंतु सर्वांत अधिक हयगय होते ती लेखनाची. सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पत्रिकांत प्रत्येकी वीस प्रश्न असतात. दहा प्रश्न १० गुणांचे, १५० शब्दांचे. दहा प्रश्न १५ गुणांचे, २५० शब्दांचे. तीन तासांत एकूण ४,००० शब्द, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी नऊ मिनिटे, आणि त्यातच प्रश्न वाचणे, विचार करणे आले. चौथ्या, नीतिशास्त्राच्या पत्रिकेत तर निम्म्याच्या जवळपास गुण प्रत्यक्ष प्रसंगांवरील प्रश्नांना आहेत. जो विद्यार्थी वर्षभर केवळ ऐकतो आणि अधोरेखित करतो, त्याचा हात परीक्षेच्या दुसऱ्याच तासाला थकतो. म्हणून रोज दोन उत्तरे, घड्याळ लावून, कोऱ्या कागदावर. आरंभी ती वाईटच होतील. आठवड्याने तीच उत्तरे पुन्हा वाचावीत आणि तांबड्या शाईने स्वतः तपासावीत: प्रश्नाने जे विचारले त्याचेच उत्तर आहे ना? एक तरी ठोस उदाहरण आहे ना? विरुद्ध बाजू मांडली आहे ना?

उदाहरणांसाठी फार दूर जावे लागत नाही, आणि येथेच गावातील विद्यार्थी शहरातल्यापेक्षा श्रीमंत आहे. ग्रामसभेत एकदा पूर्ण वेळ बसावे. ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक मागून वाचावे; घरपट्टी-पाणीपट्टीचे उत्पन्न किती आणि वित्त आयोगाचा निधी किती, हे एकदा पाहिले की ७३ व्या दुरुस्तीवरचे उत्तर पाठ करावे लागत नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमीची कामे काढली, १९७७ मध्ये राज्याने त्याचा कायदा केला आणि २००५ मध्ये तोच विचार देशाच्या कायद्यात उतरला. त्या दुष्काळात खडी फोडलेली माणसे आजही गावोगावी आहेत. आजोबांपाशी बसून ऐकलेला तो अनुभव कोणत्याही छापील टिपणात मिळत नाही.

एकटेपणा ही मात्र स्वाध्यायाची खरी उणीव आहे. तीन-चार जणांचा लहानसा गट करावा. आठवड्यातून एकदा एकमेकांची उत्तरे तपासावीत, एकाने एक घटक इतरांना शिकवावा. सात-आठ जण झाले की गप्पा वाढतात, हेही ध्यानात असू द्यावे.

वर्ग कशासाठी?

याचा अर्थ वर्ग नकोतच, असा मुळीच नव्हे. विषयाची तोंडओळख, वेळापत्रकाची शिस्त आणि सराव परीक्षा या तीन गोष्टी चांगला वर्ग उत्तम देतो. महाराष्ट्रात निष्ठेने शिकविणारे शिक्षक पुष्कळ आहेत, आणि मुंबईच्या राज्य प्रशासकीय व्यावसायिक शिक्षण संस्थेसारख्या शासकीय संस्थाही १९७६ पासून हे काम करीत आल्या आहेत. दोष आहे तो वर्गावर सर्व भार टाकण्याचा. जाहिरातींविषयी मात्र सावध असावे. एकाच यशस्वी उमेदवाराचे छायाचित्र चार संस्थांच्या फलकांवर दिसते, ते कसे? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने चौकशी केली, तेव्हा असे आढळले की, अनेक उमेदवारांनी त्या संस्थेत केवळ मुलाखतीचे मार्गदर्शन घेतले होते; पूर्व आणि मुख्य परीक्षा त्यांनी अन्यत्र किंवा स्वतःच्या बळावर पार केली होती. प्राधिकरणाने काही संस्थांना दंड केला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये अशा जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. ‘हा विद्यार्थी आपल्याकडे नेमका कोणता अभ्यासक्रम शिकला?’ हा प्रश्न शुल्क भरण्यापूर्वी पालकांनी बेधडक विचारावा.

राज्यसेवेच्या विद्यार्थ्यांना तर या सर्वांचा अनुभव नुकताच आला आहे. मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने जाहीर केले, तेव्हा २०२३ च्या आरंभी पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि तो बदल २०२५ वर ढकलला गेला. वर्षानुवर्षे चार पर्यायांतून एक निवडण्याच्या युक्त्या शिकलेल्यांना पूर्ण वाक्यांत विचार मांडणे अवघड वाटणे स्वाभाविक होते. ज्यांना लिहिण्याची सवय होती, त्यांना परीक्षेची पद्धत बदलली म्हणून पाया बदलावा लागला नाही.

पालकांसाठी दोन शब्द

जुलै २०२४ मध्ये दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरात एका वर्गाच्या तळघरातील अभ्यासिकेत पावसाचे पाणी शिरले आणि तीन विद्यार्थी प्राणांस मुकले. आपण मुलाला कोठे पाठवितो, तो कोठे बसतो, काय खातो, हे पालकांनी एकदा स्वतः जाऊन पाहिले पाहिजे.

दुसरी गोष्ट वर्षांची. खुल्या वर्गातील उमेदवाराला ३२ व्या वर्षापर्यंत सहा प्रयत्न मिळतात. कायद्याने दिले म्हणून सहाही वापरलेच पाहिजेत, असे नाही. दोन प्रयत्नांनंतर घरात बसून लेखी ताळेबंद मांडावा: कोणत्या टप्प्यावर थांबलो, किती गुणांनी, का? पूर्वपरीक्षाच दोनदा हुकली असेल, तर तिसऱ्या प्रयत्नासोबत उपजीविकेचा दुसरा मार्ग सुरू झालाच पाहिजे. बँक, शिक्षण, वकिली, शेतीपूरक उद्योग यांपैकी कोठेही हा अभ्यास वाया जात नाही. परंतु हा ताळेबंद मांडण्याचे धैर्य मुलाला येण्यासाठी घरात भीती नसावी. ‘किती तास बसलास?’ असे विचारण्याऐवजी ‘आज काय लिहिलेस, वाचून दाखव’ असे विचारणारा बाप मुलाचा पहिला परीक्षक होतो. त्यासाठी बापाने पदवीधर असण्याची आवश्यकता नाही. उत्तर ऐकून त्याला ते समजले नाही, तर ते पुन्हा लिहावे, एवढे पुरे.

तिसरी गोष्ट गावातील जाणत्या मंडळींची. प्रत्येक तालुक्यात एक तरी शाळा अशी असते, जिचे वर्ग संध्याकाळी सहानंतर रिकामे पडतात. निवृत्त शिक्षक असतात, निवृत्त तहसीलदार असतात, बँकेतले अधिकारी असतात. दिवे, पंखे, पाणी, दोन वृत्तपत्रे आणि आठवड्यातून एकदा उत्तरे तपासणारा एक अनुभवी हात एवढ्यावर अभ्यासिका उभी राहते. ती उभी राहिली, तर ज्या मुलीला घरचे पुण्याला पाठविणार नाहीत, तिलाही ही परीक्षा देता येईल. हे काम कोणत्याही शासकीय योजनेची वाट न पाहता येत्या महिन्यात सुरू होऊ शकते.

शेवटी दोन नावे. सुभाषचंद्र बोस यांना सनदी परीक्षेच्या तयारीस जेमतेम आठ महिने मिळाले. १९२० मध्ये ते चौथे आले आणि १९२१ मध्ये त्यांनी ती सेवा सोडून दिली. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९१८ मध्ये त्याच परीक्षेत पहिले आले, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, पुढे देशाचे अर्थमंत्री झाले, आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी ते मंत्रिपद सोडले. परीक्षेतील क्रमांकाने या दोघांना खुर्ची मिळाली. ती कधी सोडावी, हे मात्र त्यांना कोणत्याही वर्गाने शिकविले नव्हते. अधिकारपदावर बसल्यावर मार्गदर्शक नसतो, टिपणे नसतात, पुढ्यात एक धारिका असते आणि तीवर निर्णय आपला असतो. त्या दिवसाची तयारी आज रात्री कोऱ्या कागदावर लिहिलेल्या पहिल्या उत्तरापासून सुरू होते.